पाणी कमी, हात जास्त

ज्वारीला सध्या फार चांगले दिवस आले आहेत म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, आणि तो प्रस्ताव आपल्याच देशाने मांडला होता. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांचं ‘श्री अन्न’ असं बारसंही झालं. तेव्हापासून ज्वारीची बिस्किटं आली, ज्वारीच्या शेवया आल्या, हॉटेलात ज्वारीचा पिझ्झासुद्धा आला. लग्नाच्या पंगतीत (आता पंगत कसली, उभ्याउभ्याच जेवण!) एका कोपऱ्यात चूल मांडलेली असते. नऊवारी नेसवून एका बाईला तिथे बसवलेलं असतं. ती घामाघूम होऊन भाकऱ्या थापत असते आणि तिच्यासमोर सुटाबुटातली मंडळी ताटल्या घेऊन रांगेत उभी असते. "काय ती भाकरी! आमची आई अगदी अश्शी करायची!" हे वाक्य त्या रांगेत हमखास ऐकू येतं.

ज्वारीचं कौतुक झालं तर आम्हा सोलापूरकरांना आनंदच आहे. पण मंडळी, त्या रांगेत उभं राहिलं की मला दर वेळी एकच गोष्ट खटकते. सगळ्यांचे डोळे तव्यावरच्या भाकरीकडे असतात, थापणाऱ्या हातांकडे कोणी बघत नाही. ज्वारी पौष्टिक आहे, तंतुमय आहे, गव्हातलं ग्लूटेन तिच्यात नाही, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झालंय. ती कमी पाण्यावर येते हेही सगळे सांगतात. पण या गणिताची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ज्वारीला पाणी कमी लागतं आणि हात जास्त लागतात, शेतातही आणि स्वयंपाकघरातही. हे हात कोण देणार, याचा विचार न करता नुसतं "आपलं जुनं अन्न परत आणा" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं ठेवून आपण पुढे चालत राहणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जरा विस्ताराने सांगते. चौतीस वर्षं शिकवायची सवय आहे, सहन करा!

आमच्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी पाच-साडेपाचशे मिलिमीटर. तोही लहरी. जून-जुलैत तोंड दाखवून जातो आणि खरा येतो तो बहुधा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. कोकणातल्या माणसाला हा पाऊस म्हणजे चेष्टा वाटेल. पण आमच्या काळ्या जमिनीचा एक मोठा गुण आहे. ती पाणी धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी, आमच्याकडे तिला शाळू म्हणतात, ती या धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर चार-साडेचार महिने निभावून नेते. वर पाऊस नाही, शेजारी कालवा नाही, आणि तरी फेब्रुवारीत कणीस भरलेलं. गरिबीत संसार करणाऱ्या बाईसारखं हे पीक आहे. आहे त्यात भागवतं आणि वर जनावरांना कडबाही देतं.

या पिकाची आमच्याकडची परंपरा मोठी आहे. महाराष्ट्रभर पेरली गेलेली मालदांडी ज्वारी, जिला कागदोपत्री ‘एम ३५-१’ म्हणतात, ती इथल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडून काढली गेली. मंगळवेढ्याला तर ज्वारीचं कोठारच म्हणतात. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा त्याच गावची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापुरात रब्बी ज्वारीवर काम करणारं सरकारी केंद्रही आहे. थोडक्यात, मान आहे, मानांकन आहे, संशोधनही आहे. आणि तरीही ज्वारीचं क्षेत्र वर्षामागून वर्ष कमी होत आलंय. असं का व्हावं?

मंगळवेढ्याकडचा माझा एक जुना विद्यार्थी आहे. शहरात बोर्डिंगला राहून शिकला, पुन्हा गावी जाऊन शेती करतो. अधूनमधून येतो, येताना हुरड्याची कणसं आणतो. त्याला मी एकदा विचारलं, "काय रे, ज्वारी कमी का केलीस?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही खा म्हणताय, पण काढणार कोण? मजूर बघत बघत पीक वाळून जातंय. राहिलेलं पाखरं खात्यात. उसाचं बरं हाय. एकदा लावला की कारखान्याची टोळी येऊन तोडून नेतीय. आपण नुसतं बिलाची वाट बघायची."

आता ज्वारी काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे रब्बी ज्वारीचं धाट मुळासकट उपटून काढतात. फेब्रुवारी-मार्चचं ऊन, जमीन टणक होऊन भेगाळलेली, आणि त्या जमिनीतून एकेक धाट हाताने ओढायचं. तळहाताला फोड येतात, पानांनी हात कापतात. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळणी, उफणणी. पेरणीला ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आलं, पण काढणीला अजून बहुतेक ठिकाणी माणूसच लागतो. त्याआधी महिनाभर पाखरं राखायला कोणीतरी गोफण घेऊन उभं राहायचं ते वेगळंच. तेव्हा माझा विद्यार्थी ऊस लावतो म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. उसाला ठरलेला भाव असतो, कारखाना दाराशी असतो. त्याने हिशेब केला आणि तो हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे.

पण जिल्ह्याचा हिशेब वेगळा आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झालं. त्याची साठवण साधारण ११७ टीएमसी, म्हणजे राज्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक. त्या पाण्याने जिल्ह्याचं रूप पालटलं हे खरंच आहे. ज्यांनी १९७२ पाहिलंय ते उजनीला दोष देणार नाहीत. पण पाण्यामागोमाग ऊस आला, उसामागोमाग कारखाने आले, आणि आज राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आमचं नाव आहे. पाच-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात! ज्वारी चार महिन्यांत शेत रिकामं करते, तीही बहुतेक पावसाच्या ओलीवर. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि सारा वेळ पाणी मागतो. त्याच उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरच्या पाइपातून आमच्या शहरात येतं. या शहराने कित्येक वर्षं तीन-तीन, चार-चार, उन्हाळ्यात पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर संसार केले आहेत. रात्री दोनला पाणी आलं की सारी गल्ली जागी व्हायची. माझ्या उत्तरपत्रिका तपासण्याचं अर्धं काम नळाखाली भरणाऱ्या पिंपाशेजारी बसून झालंय.

आणि उसाला हात लागत नाहीत असंही नाही बरं का. ते हात दुरून येतात एवढंच. बीडकडची माणसं लेकरंबाळं घेऊन पाच-सहा महिने घर सोडतात, फडाजवळच्या पालात राहतात, पहाटेच्या थंडीत ऊस तोडतात. त्यांच्या मुलांची शाळा त्या महिन्यांत बुडते. मी शिक्षिका असल्यामुळे ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हा "उसाला कष्ट नाहीत" याचा खरा अर्थ एवढाच, की ते कष्ट आपल्या नजरेआड गेले आहेत.

हीच गोष्ट स्वयंपाकघरात घडली. भाकरी घराघरातून का मागे पडली? लोक म्हणतात, नव्या पिढीला चव नाही. नव्या सुनांना येत नाही. टीव्हीने बिघडवलं. मला हे अजिबात पटत नाही.

भाकरीचं काम कसं असतं ते बघा. गव्हाची कणीक रात्री मळून ठेवता येते. सकाळी आठ-दहा पोळ्या लाटल्या की डबे भरले, आणि त्या दुपारीही मऊ राहतात. ज्वारीच्या पिठाचं तसं नाही. ते फार दिवस ठेवलं की त्याची विरी जाते, मग भाकरी थापता थापता फाटते. म्हणजे आठ-दहा दिवसांचंच दळण आणायचं. पाणी उन्हाळून घ्यायचं. आणि एकदम सगळं मळून चालत नाही, एकेका भाकरीपुरतं पीठ त्या त्या वेळी तळहाताच्या टाचेने रगडून घ्यावं लागतं. मग परातीत थापायचं, अलगद उचलायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचं, विस्तवावर फुगवायचं. तोवर दुसरी थापायला हवी. आणि ती खायची गरम गरम, म्हणजे खाणारा बसलेला आणि करणारी उभी. घरातली सगळी उठल्यावर शेवटी तिची पाळी!

माझ्या आईच्या काळी याच्या आधी पहाटेचं जातं असायचं. जात्यावरच्या ओव्या मी वर्गात अनेक वर्षं शिकवल्या. त्या फार सुंदर आहेत, यात शंकाच नाही. पण गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी माझी आई रडली नाही, तिने सुटकेचा श्वास टाकला. ओव्यांचं कौतुक करणाऱ्या विद्वानांनी हेही नोंदवून ठेवावं.

मी स्वतः नोकरी केली. घरात सासूबाई, हे, दोन मुलं. सकाळची शाळा असली की साडेसहाला घर सोडायचं. आठवड्यातले पाच दिवस पोळ्याच व्हायच्या, भाकरी रविवारी. याबद्दल मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्या बाईला दिवसाला दोन हात आणि चोवीसच तास मिळतात, तिने काय सोडायचं हे तिनेच ठरवावं. आमच्या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. त्या बाईच्या एका तासाला बाजारात भाव आहे. तिला जाऊन "बाई गं, पोळी सोड आणि भाकरी थाप, पौष्टिक असते" असं सांगायचं धाडस माझ्यात तरी नाही.

कष्टाच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे लाज. १९७२च्या दुष्काळात मी नुकती बी.ए. झाले होते. त्या वर्षी रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी मिळायची. शुभ्र शाळवाची सवय असलेल्या माणसांनी ती लालसर भाकरी डोळे मिटून खाल्ली. त्या पिढीच्या मनात गव्हाची पोळी म्हणजे संकट संपल्याची खूण होऊन बसली. पुढे गहू मुबलक झाला, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, आणि पोळी रोजची झाली. वर्गात मधल्या सुट्टीत मी बघायची, काही मुलं डब्याचं झाकण आडवं धरून जेवायची. झाकणामागे भाकरी असायची. पोळीवाल्या मुलांनी बघू नये म्हणून आडोसा! २०२३ साली माझ्या नातीच्या शाळेत मुलांना भाकरी सजवून आणायला सांगितली होती. तिने भाकरीवर गाजराचं फूल ठेवून नेलं. मला हसूही आलं आणि त्या झाकणाआडच्या मुलांची आठवणही झाली. एवढ्या वर्षांत भाकरी तीच राहिली, फक्त ती खाणाऱ्याची ऐपत बदलली म्हणून तिची किंमत बदलली.

मग काय, ज्वारी सोडून द्यायची? मुळीच नाही. मी तर म्हणते, सोलापूरसारख्या गावात ताटात काय आहे हा पाण्याचाच प्रश्न आहे आणि ज्वारी खाणं हे शहाणपणाचं आहे. फक्त त्याचे कष्ट वाटून घेतले पाहिजेत.

कष्ट वाचवायचा एक मार्ग आमच्या गावाने केव्हाच शोधून ठेवलाय. तो म्हणजे कडक भाकरी. पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. एकदा बसून पन्नास केल्या की कित्येक दिवसांची निश्चिंती. विजापूर-गुलबर्ग्याकडेही हीच रीत आहे, सीमेवरच्या गावांत कानडी-मराठी असा भेद चटणी-भाकरीला नाही. उखळात कुटलेली शेंगाचटणी, त्यावर घट्ट दही, कांदा, आणि मोडून चुरलेली कडक भाकरी. आता बचत गटांच्या बायका हीच भाकरी करून विकतात, ती पुण्या-मुंबईला जाते, परदेशातही जाते. काही जुन्या मंडळींना हे आवडत नाही. "भाकरी काय विकत घ्यायची वस्तू आहे?" असं म्हणतात. का नसावी? घरातल्या बाईने फुकट थापली तर ती संस्कृती, आणि शेजारच्या बाईने पैसे घेऊन थापली तर तो धंदा, हा कुठला न्याय? मी तर आनंदाने विकत घेते. भाव करत नाही. मात्र एक प्रश्न विचारते, "यातले तुमच्या हातात किती पडतात?" हा प्रश्न मानांकनाच्या छापाइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरा मार्ग घरातला. यांनी निवृत्त झाल्यावर भाकरी शिकायचं ठरवलं. मी खुर्ची घेऊन शेजारी बसले. पहिला आठवडा जगाच्या नकाशावरचे सगळे देश तव्यावर उमटले! ऑस्ट्रेलिया तर दोनदा झाला. पण महिन्याभरात जमली. आता संध्याकाळच्या भाकऱ्या त्यांच्याकडे आणि भाजी-आमटी माझ्याकडे अशी वाटणी आहे. शेजारीपाजारी सुरुवातीला गंमत वाटायची. एका स्नेह्यांनी विचारलंही, "काय हो, या वयात ही वेळ?" हे म्हणाले, "खातो मी दोन, म्हणून थापतो चार." मला वाटतं, आपलं जुनं अन्न टिकावं असं ज्या पुरुषांना मनापासून वाटतं, त्यांनी भाषणं थोडी कमी करून परातीपाशी बसावं. पिठाला बाईचा हात आणि पुरुषाचा हात कळत नाही. त्याला फक्त ऊन पाणी कळतं.

आता गच्चीकडे वळते, कारण माझं हे मत पक्कं झालं ते तिथेच. आमची गच्ची लहान आहे. वीस-बावीस कुंड्या, चार जुनी प्लास्टिकची पिंपं अर्धी कापून केलेली, आणि एक फुटकं सिंटेक्सचं झाकण. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला. त्यात नळाचा भरवसा नाही. मग बाग कशावर जगवायची? तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, मोरीतलं पाणी. अळू त्याच्यावर माजतो. कढीपत्ता, गवती चहा, शेवगा यांना फारसं लागत नाही. पावसाळ्यात अंबाडी आणि चुका लावते. तांदुळजा आणि घोळ तर आपोआप उगवतात. लोक तण म्हणून उपटून टाकतात, मी उपटून कढईत टाकते. एप्रिल-मेमध्ये कुंड्यांवर माझ्या जुन्या साड्यांचा मांडव असतो. मातीवर पालापाचोळ्याचं जाड पांघरूण घातलं की ओल दुप्पट वेळ टिकते. आमची काळी जमीन जे करते तेच कुंडीत करायचं, आहे ते पाणी धरून ठेवायचं.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहिलं. थोडी जागा, थोडं पाणी, घरचा कचरा आणि रोजचं निरीक्षण यांवर किती पिकवता येतं, हे त्यांनी सामान्य माणसांना करून बघायला लावलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण परसातून सुरुवात करून त्यांनी गावरान बियाणांची बँक उभी केली. २०२०च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. दोघांच्या कामात मला एकच सूत्र दिसतं. विकत आणलेल्या गोष्टी कमी, आणि स्वतःचं लक्ष, स्वतःचा हात जास्त.

आजकाल गच्चीवरची बागही विकत मिळते. पिशव्या, माती, खत, रोपं, ठिबकच्या नळ्या, सगळा संच घरी येतो. आमच्या ओळखीत एकांनी आणला. दोन महिन्यांत रोपं वाळली. त्यात त्या संचाची काही चूक नव्हती. सकाळी उठून पानामागे मावा पडलाय का ते बघायला तिथे कोणी जातच नव्हतं. झाडाला पाणी एक वेळ कमी पडलं तर ते तग धरतं, पण बघणारं माणूस नसलं की जातं. माझी मिरची गेल्या उन्हाळ्यात अर्ध्या तांब्यावर जगली. रोज जाऊन तिची सावली सरकवायची, एवढंच मी केलं.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला निवृत्तीवेतन आहे, वेळ आहे, तुमचं ठीक आहे. बरोबर आहे! म्हणूनच मी हे विडी वळणाऱ्या बाईला सांगत नाहीये, उसाच्या फडातल्या बाईलाही नाही, आणि सात वाजता लोकल गाठणाऱ्या मुलीलाही नाही. मी हे माझ्यासारख्यांना सांगतेय, ज्यांच्याकडे वेळ आहे, दोन धड हात आहेत आणि जुन्या अन्नाचं प्रेमही आहे. आपण निवृत्त माणसं सकाळी बागेत हास्यक्लब करतो, संध्याकाळी कट्ट्यावर देशाचं कसं होणार याची चर्चा करतो. त्यातला तासभर पिठात, मातीत गेला तर कोणाचं काही बिघडणार नाही. ज्यांचे सांधे दुखतात, ज्यांना उभं राहवत नाही, त्यांनी करून देणाऱ्याला नीट पैसे द्यावेत आणि त्याचं नाव विचारावं. विचारपूर्वक जगणं म्हणजे सगळं स्वतःच करणं असं मला वाटत नाही. आपल्या ताटात कोणाकोणाचे हात आहेत ते माहीत असणं आणि त्यात आपलाही एखादा असणं, इतपत पुरे.

आमच्याकडे अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या बाजूला मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या करतात. त्या दिवशी सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोप करतात, पूजा करतात, आणि उभ्या ज्वारीच्या शेजारी बसून भज्जी, उंडे, आंबील असं जेवतात. शहरातली मुलं-नातवंडंसुद्धा त्या दिवशी गावी येतात. मला हा सण फार आवडतो. जे खायचं ते कुठे उभं आहे, हे त्या दिवशी लहान पोरालाही दिसतं. माझं एवढंच म्हणणं आहे, की याच नातवंडांनी फेब्रुवारीत काढणीलाही एक दिवस यावं. दहा पेंढ्या बांधल्या तरी चालेल. हाताला एक फोड आला की ज्वारीचा भाव का वाढला पाहिजे हे त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

तेव्हा वाचकहो, ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. ताजं दळण आणा, पाणी उन्हाळा आणि घरातल्या ज्या माणसाने आजवर कधी पीठ मळलेलं नाही त्याला परातीपाशी बसवा. पहिली भाकरी फाटेल, दुसरी एका बाजूने जाड होईल. हसू नका. भाकरी मळलेलं ते पाणी मोरीत न ओतता अळवाच्या कुंडीत ओता. आणि ती फाटकी भाकरी शेंगाचटणी नि दह्याबरोबर सगळ्यांनी एकत्र बसून खा, कोणालाही तव्यापाशी उभं न ठेवता.